तेरा पानं आणि एक न काढलेला आलेख

स्लाईड्स बनवणं हे फावल्या वेळातलं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीची ही गोष्ट.

दुसऱ्या दिवशी फ्लोरिडातून चॅलेंजर यान उडणार होतं. बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या युटामधल्या इंजिनियरांना धास्ती होती ओ-रिंगची. सांध्यात बसणारं हे रबरी कडं थंडीत कडक होतं. ते वेळेत बसलं नाही तर आतला जळता वायू निसटणार. रिंगचं अपेक्षित तापमान होतं उणे २ अंश सेल्सिअस!

त्यांनी घाईघाईने तेरा पानं नासाला फॅक्स केली. १२ अंशांवरच्या, म्हणजे जानेवारी १९८५ च्या उड्डाणात सगळ्यात वाईट गळती झाली होती, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पण ऑक्टोबर १९८५ मध्ये २४ अंशांवरही गळती झालीच होती की. झालं! एक थंड, एक गरम, दोन्हीकडे गळती. मग तापमानाचा संबंध काय? युक्तिवाद तिथेच लंगडा पडला. थायोकॉलच्या एका वरिष्ठाने दुसऱ्याला इंजिनियरची टोपी काढून मॅनेजरची घालायला सांगितलं आणि उड्डाणाला होकार गेला. सकाळी यान उडालं, ७३ सेकंदांत फुटलं. सात जण गेले.

नंतर चौकशी आयोगाने सगळी, म्हणजे रिंगला काहीच न झालेलीही उड्डाणं एकत्र मांडली. १९ अंश किंवा त्याहून गरम अशा २० उड्डाणांत फक्त ३ वेळा त्रास. १७ किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत त्रास. ज्या उड्डाणांत काही बिघडलं नाही तीच तर खरी साक्षीदार होती, आणि ती त्या तेरा पानांत आलीच नाहीत.

१९९७ मध्ये एडवर्ड टफ्टी यांनी आपल्या पुस्तकात यावरून इंजिनियरांना चांगलंच धारेवर धरलं. मला ते जरा जास्तच वाटतं. ते आरामात बसून लिहीत होते, हे लोक काही तासांत. शिवाय त्या रात्रीचे इंजिनियर रॉजर बॉइजोली यांनी सहलेखकांबरोबर टफ्टींना उत्तरही दिलं, की तुम्ही हवेचं आणि रिंगचं तापमान एकत्र कालवलंत.

आणि बॉइजोलींकडे फोटो होते बरं का. २४ अंशांवरची काजळी करडी, १२ वरची काळीकुट्ट. त्यांनी ते मॅनेजरांसमोर टेबलावर ठेवले आणि वैतागून म्हणाले, हे बघा तरी.