काळी चार आणि वॉर्सा

गेल्या दिवाळीची गोष्ट आहे. २१ ऑक्टोबर २०२५, लक्ष्मीपूजनाचा दिवस. पहाटे देवळात काकडा चालू होता, भोंग्यावरून पेटीचा आवाज येत होता, आणि मी अंथरुणात बसून मोबाईलवर पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला एक निकाल ऐकत होतो. तिकडे अजून मध्यरात्रच चालू होती. आंतरराष्ट्रीय शोपाँ पियानो स्पर्धेचा हा एकोणिसावा निकाल. पहिला आला अमेरिकेचा एरिक लू.

आष्टीत बसून पियानोच्या स्पर्धेचं कुणाला काय पडलंय, असं तुम्ही म्हणाल. घरातलेही म्हणतात. (ज्या वर्षी सोयाबीन पाण्यात गेलं त्या वर्षी तर जास्तच म्हणाले.) पण भाऊबीजेला भाची आली होती. आठवीत आहे, पेटी शिकते. तालुक्याच्या एका स्पर्धेत तिचा नंबर आला नव्हता, तेव्हापासून पेटीवरचं कापड काढलेलं नाही, असं ताईनं आधीच फोनवर सांगितलं होतं. मी निकालाची गोष्ट काढली तर तिनं एकच विचारलं, "मामा, पण पहिला कोण ते ठरवतं कोण?"

तिला जे सांगितलं, आणि जे सांगता आलं नाही, ते इथे लिहून ठेवतोय.

आधी एक नातं सांगतो. आपण पेटीला आपली समजतो, पण तिचं घराणं पॅरिसचं. अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिरानं १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्याच वेळी त्याच शहरात फ्रेडरिक शोपाँ राहत होता. १८१० साली पोलंडमध्ये जन्मलेला, विशीत देश सोडलेला, पुन्हा कधी घरी जाऊ न शकलेला. जवळपास सगळं आयुष्य फक्त पियानोसाठी लिहिलं आणि १८४९ साली एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. पुढे पेटी बोटीत बसून हिंदुस्थानात आली, पायाचा भाता हाताचा झाला, आणि ती कीर्तनात जाऊन बसली. आपला भजनी बुवा "काळी चार" म्हणतो तेव्हा तो पियानोच्याच पट्ट्या मोजत असतो. म्हणजे वॉर्सा फार लांब नाही :-)

शोपाँचा देह पॅरिसमध्ये पुरला, पण त्याचं हृदय बहिणीनं वॉर्साला नेलं. ते आजही तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे. स्पर्धा चालू असताना १७ ऑक्टोबरला, त्याच्या पुण्यतिथीला, वाजवणं बंद ठेवतात आणि त्या चर्चमध्ये मोझार्टचं रिक्विएम होतं. आपल्याकडे सप्ताहात पुण्यतिथीचं कीर्तन असतं, तसंच काहीसं.

स्पर्धा सुरू केली येझी झुराव्लेव या पियानोवादक शिक्षकानं. पहिलं महायुद्ध संपलं होतं, पोलंड सव्वाशे वर्षांनी स्वतंत्र झाला होता, आणि नव्या पोरांना शोपाँ रडका वाटायला लागला होता. पोरं खेळांच्या मागे वेडी. झुराव्लेवनं विचार केला, यांना चुरस आवडते ना, मग शोपाँचीच चुरस लावू! १९२७ साली आठ देशांतले सव्वीस वादक जमले. पहिला आला रशियाचा लेव ओबोरिन, वय १९. पुढे थोर संगीतकार म्हणून जगभर गाजलेला शोस्ताकोविच त्याच स्पर्धेत होता. त्याला नुसतं प्रशस्तिपत्र मिळालं.

नियम सोपा आणि कडक. फक्त शोपाँच वाजवायचा. वय सोळा ते तीस. फेऱ्यांमागून फेऱ्या, आणि शेवटी अख्ख्या वाद्यवृंदाबरोबर त्याच्या दोन कॉन्चेर्टोंपैकी एक. दोनच, कारण त्यानं लिहिलेच दोन. सगळे पाच वर्षं तेच तेच घोटून येतात. म्हणजे चीज एक, राग एक, ताल एक, आणि तरीही कोण कसं गातो ते ऐकायचं. हे आपल्याला कळायला अवघड जाऊ नये.

आता "ठरवतं कोण" याकडे येतो. १९३२ साली दुसऱ्या स्पर्धेत अलेक्झांडर युनिन्स्की आणि हंगेरीचा इम्रे उंगार यांचे गुण सारखे झाले. उंगार लहानपणापासून दृष्टिहीन होता. परीक्षकांनी काय करावं? नाणं उडवलं! युनिन्स्की पहिला, उंगार दुसरा. जगातल्या एवढ्या मोठ्या स्पर्धेचा पहिला नंबर छापा-काट्यावर गेला.

१९३७ नंतर महायुद्ध आलं. जर्मनांनी वॉर्सा घेतल्यावर शोपाँचा पुतळा १९४० साली फोडला आणि त्याचं संगीत जाहीरपणे वाजवायला बंदी घातली. १९४२ ची स्पर्धा झालीच नाही. पुढची भरली १९४९ साली, त्याच्या मृत्यूच्या शताब्दीला. शहराचं तेव्हा ढिगारं झालेलं, फिलहार्मोनिकची इमारत पडलेली, तर दुसऱ्या सभागृहात भरवली. पोलंडची हालिना चेर्नी-स्तेफान्स्का आणि रशियाची बेला दाविदोविच, दोघींना मिळून पहिलं बक्षीस. फिलहार्मोनिक परत बांधून झाल्यावर १९५५ साली स्पर्धा स्वतःच्या घरी आली, आणि तेव्हापासून दर पाच वर्षांनी भरते. करोनामुळे २०२० ची तेवढी २०२१ वर गेली.

१९५५ साली पोलंडचा अदाम हारासिएविच पहिला आला, रशियाचा अश्केनाझी दुसरा. परीक्षकांतले इटलीचे मिकेलांजेली यांना ते पटलं नाही. त्यांनी निकालावर सही केली नाही. त्याच वर्षी तिसरा आलेला चीनचा फू त्सोंग हा माझुर्कांचं खास बक्षीस घेऊन गेला. माझुर्का म्हणजे पोलंडच्या खेड्यांतला नाच. त्याची लय अशी अडखळती की ती बाहेरच्याला जमत नाही असं तिथले लोक म्हणत. ती जमली शांघायच्या पोराला.

आणि मग १९८० साल. या स्पर्धेवर कुणीही लिहिलं की हे साल येतंच. युगोस्लाव्हियाचा इव्हो पोगोरेलिच आला. वाजवणं शोपाँचंच, पण सगळं स्वतःच्या मनासारखं. परीक्षकांत उभी फूट पडली. तो पुढच्या फेरीत गेला म्हणून लुई केंटनर परीक्षक मंडळ सोडून गेले. पुढे तो अंतिम फेरीत गेला नाही म्हणून मार्ता आर्गेरिच निघून गेल्या, हा मुलगा अलौकिक आहे असं म्हणत. आर्गेरिच साध्यासुध्या नव्हेत, १९६५ ची स्पर्धा त्यांनीच जिंकलेली. एकाच पोरासाठी एक जण तो वर गेला म्हणून उठला, दुसरी तो वर गेला नाही म्हणून उठली. जगभरच्या वर्तमानपत्रांत पोगोरेलिचचं नाव झालं आणि तो एका रात्रीत प्रसिद्ध झाला.

या सगळ्या गडबडीत ती स्पर्धा जिंकली कोणी, हे विचारायचं लोक विसरले.

जिंकली व्हिएतनामच्या दांग थाय सोननं. आशियातला पहिला विजेता. भाचीला मी मुख्य गोष्ट ही सांगितली.

सोनचा जन्म १९५८ चा, हनोईचा. आई थाय थी लियेन पियानो शिकवायची, हनोईचं संगीत विद्यालय उभारणाऱ्यांपैकी एक. बाप कवी, पण सरकारच्या मर्जीतून उतरलेला. १९६५ च्या सुमारास अमेरिकेचे बॉम्ब पडायला लागले तेव्हा अख्खं विद्यालय उचलून खेड्यात नेलं. पियानोसुद्धा नेला, म्हशींच्या जोरावर, चिखलातून. सोन तेव्हा सात वर्षांचा. पियानो मोजके आणि पोरं पुष्कळ, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला दिवसातून थोडाच वेळ. १९७० साली आई वॉर्साला ही स्पर्धा ऐकायला गेली आणि येताना स्वरलिपीची पुस्तकं आणि रेकॉर्डी घेऊन आली. पोरानं त्यावर शोपाँ ऐकला. पुढे एका रशियन पियानोवादकानं त्याला हेरलं, तो मॉस्कोला शिकायला गेला, आणि १९८० साली बावीस वर्षांचा होऊन वॉर्साच्या मंचावर बसला. तोवर वाद्यवृंदाबरोबर तो कधी वाजवलेला नव्हता. अंतिम फेरी हीच पहिली वेळ. पहिलं बक्षीस मिळालं, वर माझुर्का, पोलोनेझ आणि कॉन्चेर्टो यांचीही खास बक्षिसं.

तरी बरीच वर्षं लोक १९८० म्हटलं की पोगोरेलिचचंच नाव घेत राहिले. सोन पुढे कॅनडात माँट्रियलला स्थायिक झाला आणि शिकवत राहिला. २०२१ ची स्पर्धा जिंकली ब्रूस लिऊनं. तो सोनचा शिष्य. आणि गेल्या दिवाळीत जिंकलेला एरिक लू, तोही सोनकडे शिकलेला. आई थाय थी लियेन शंभरी ओलांडून २०२३ साली गेल्या, म्हणजे ब्रूस लिऊचं यश त्यांच्या हयातीतलं.

एरिक लूचं आणखी एक. २०१५ साली सतरा वर्षांचा असताना तो याच स्पर्धेत बसला होता आणि चौथा आला होता. मधल्या काळात २०१८ साली इंग्लंडमधली लीड्सची मोठी स्पर्धा जिंकली होती, नाव झालं होतं. कुणी म्हटलं नसतं की परत जा. तो दहा वर्षांनी परत त्याच मंचावर जाऊन बसला.

भाची म्हणाली, "चौथा तर आला होता ना. माझा नंबरच नाही आला."

यावर मला उत्तर सुचलं नाही. कारण मला माझंच एक आठवलं, आणि ते मी तिला सांगितलं नाही.

काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गावात भजन स्पर्धा होती, आणि तिघा परीक्षकांत मी एक होतो. उत्कृष्ट पेटीवादकाचं वेगळं बक्षीस होतं. एक माणूस फार सुरेख वाजवत होता. पण अभंगाच्या मध्ये त्यानं एका जुन्या सिनेगाण्याची सुरावट गुंफली. आली आणि गेली, चार-पाच सेकंदांची गोष्ट. लोक खूश झाले. मी दोन गुण कापले. का? तर परंपरा. बक्षीस दुसऱ्याला गेलं, एका गुणानं. पुढच्या वर्षी तो स्पर्धेला आला नाही. नंतर सप्ताहात दिसायचा, पण हातात टाळ. पेटीवर दुसराच कोणी.

तेव्हा मला वाटलं होतं मी नियम पाळला. आता वाटतं, मला ते आवडलं होतं म्हणूनच मी दचकलो. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, पेटीत श्रुती नाहीत, मींड निघत नाही म्हणून. मोठमोठी जाणती माणसं त्या बाजूनं होती, आणि त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. जवळपास तीस वर्षं रेडिओवर पेटीला साथीलासुद्धा जागा नव्हती. १९७१ च्या आसपास ती बंदी सैल झाली. त्या तीस वर्षांत गावोगावच्या भजनात पेटी वाजतच राहिली. जाणकार चुकतात ते अडाणीपणानं नव्हे, त्यांना खूप माहीत असतं म्हणून. माझं तर माहीतही फारसं नव्हतं.

शंभर वर्षं होत आली तरी वॉर्साला हा प्रश्न सुटलेला नाही. स्वतःच्या शिष्याला गुण द्यायचे नाहीत असा नियम आला. १९९० आणि १९९५ साली तर पहिला नंबर द्यावा असा कुणी वाटलाच नाही, म्हणून पहिलं बक्षीस दिलंच नाही. तरी दर वेळी निकाल लागला की भांडणं होतातच. पण दर वेळी सोळा वर्षांची पोरं परत जाऊन बसतात हेही खरं.

असो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भाचीला घेऊन काकड्याला गेलो. तो माणूस त्या दिवशी योगायोगानं पाहुणा म्हणून आला होता, हातात टाळ घेऊन. मी जवळ गेलो आणि म्हटलं, "बुवा, त्या वर्षी दोन गुण मी कापले होते. चुकलं माझं." तो हसला. म्हणाला, "मला वाटलंच होतं तुम्हीच." मग भाचीकडे बघून विचारलं, "ही वाजवती का?"

भाची नाही म्हणाली. आरती झाल्यावर त्यानं पेटी ओढली आणि काळी चारवर बोट ठेवून म्हणाला, "बस इथं." ती बसली.

घरी परत गेल्यावर तिनं पेटीवरचं कापड काढलंय की नाही, ते ताईला अजून विचारलेलं नाही. वॉर्साची पुढची स्पर्धा २०३० साली आहे.