इनामगावची पांढर

मराठी गावगाड्याच्या भाषेत पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने आणि पडलेल्या भिंतींच्या मातीने वस्तीची जमीन फिकट होत जाते, हे शेतकऱ्याने पुरातत्त्वज्ञाच्या कितीतरी आधी ओळखले होते. म्हणूनच तो जुन्या पांढरीची माती खत म्हणून शेतात नेत आला, आणि अनेक प्राचीन टेकाडे अशी काळीत मिसळून गेली.

शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावची पांढर मात्र अभ्यासाला उरली. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ती उकरली; हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांचा विस्तृत अहवाल १९८८ साली आला. गावाच्या नावातला ‘इनाम’ पुष्कळ अलीकडचा. इ. स. पू. १६०० च्या सुमारास येथे आलेले शेतकरी आपल्या वस्तीला काय म्हणत, हे कळायला मार्ग नाही. त्यांना लिपी नव्हती.

म्हणून येथे जमीनच वाचावी लागते, आणि वाचन म्हटले की अर्थाचा वाद आलाच. मुले घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली. प्रौढांना उताणे निजवलेले, पण त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली. मृताने भूत होऊन परत फिरू नये म्हणून, असा तर्क केला गेला. मात्र पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष सापडला. त्याची पावले शाबूत होती. घराला लागून धान्याचे कोठार. एवढ्यावरून त्याला गावचा नायक ठरवले गेले. तर्क बळकट आहे. तरी ‘नायक’ हा शब्द लेखी युगाचे पुष्कळ सामान बरोबर आणतो, हे विसरता येत नाही. श्रीपेरुंबुदूरपासून फार दूर नसलेल्या पल्लावरम येथे महापाषाणयुगीन दफनांत अनेक पायांच्या मातीच्या शवपेट्या मिळाल्या आहेत. साम्य डोळ्यांत भरते, पण त्यावरून दोन्हीकडच्या लोकांचे नाते जोडणे घाईचे होईल.

वरच्या थरांत चौकोनी, ऐसपैस घरे संपतात आणि लहान गोल झोपड्या सुरू होतात. पाऊसमान घटल्याने शेती खालावली, शिकारीवरची भिस्त वाढली, असा ढवळीकरांचा निष्कर्ष आहे. इ. स. पू. ७०० च्या सुमारास त्या झोपड्याही ओस पडल्या.