परवलीचा शब्द

मंडळी, गेल्या महिन्यात माझ्या नावाने तुमच्यापैकी बऱ्याच जणांना एक मेल आली. 'अडचणीत आहे, पैसे पाठवा, फोन करू नका.' ती मी लिहिलेली नव्हती. तीन ओळींत शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या, आणि तरी कुणाला संशय येऊ नये, याचे या जुन्या मास्तरला मेलपेक्षा जास्त वाईट वाटले! असो. आमच्या धाकट्या चुलतभावाने मात्र काही न विचारता पंधरा हजार पाठवले. मी ते भरून देऊ लागलो तर घ्यायला तयार नाही. त्यामुळे हा लेख थोडा इतिहासाचा, थोडा कबुलीजबाबाचा.

चूक माझीच. नातीचे नाव आणि तिचे जन्मसाल, एवढाच माझा पासवर्ड, आणि सगळीकडे तोच. पूर्वी केव्हातरी एका भजनांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले होते, तेही त्याच शब्दावर. तिथली यादी फुटली आणि चोराने तीच किल्ली माझ्या मेलला लावून पाहिली. भाच्याने हे समजावून सांगितले तेव्हा मान खाली गेली.

पासवर्डला आपल्याकडे जुना शब्द आहे, परवलीचा शब्द. पहारेकऱ्याला सांगायची खूण. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमन छावणीतली पद्धत लिहून ठेवली आहे. रात्रीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून तुकड्यांमधून फिरवायचा आणि अंधार पडण्यापूर्वी पाटी परत आली पाहिजे. नाही आली तर कुठे अडली याचा लगेच शोध. म्हणजे शब्द एका रात्रीपुरता, आणि पाटीचा हिशेब चोख. मी माझा शब्द अकरा वर्षे बदलला नव्हता.

संगणकावरच्या पासवर्डची गोष्ट सुरू होते ती अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत, १९६१ च्या सुमारास. फर्नांडो कॉर्बातो यांनी एकच महागडा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभारली. मग प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला आपापला शब्द. आणि तो पहिल्यांदा चोरला कुणी? तिथल्याच एका विद्यार्थ्याने! ॲलन शेर याला आठवड्याला चारच तास मिळत, कामाला ते पुरत नसत. १९६२ मध्ये त्याने एका शुक्रवारी रात्री पासवर्डांचीच फाइल छापायची विनंती पंच केलेल्या कार्डावर देऊन टाकली आणि शनिवारी सकाळी छापलेला कागद निवांत उचलून आणला. ही कबुली त्याने पंचवीस वर्षांनी दिली. वर्गात असला एखादा असतोच, आणि खरे सांगायचे तर तो मला आवडतोही.

१९६६ मध्ये तर कहरच. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि जो कोणी काम सुरू करी त्याच्यासमोर दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. प्रश्नपत्रिका फळ्यावर लिहून ठेवावी तसे.

शब्द जसाच्या तसा साठवायचाच नाही, हा यावरचा उपाय. केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी त्याच दशकात तो काढला. आमच्या हिच्या भाषेत सांगतो. ठेचा करायचा. मिरची-लसूण एकदा ठेचली की पुन्हा वेगळी काढता येत नाही. तुम्ही शब्द टंकला की संगणक त्याचाही तसाच ठेचा करतो आणि जुन्याशी ताडून पाहतो. पुढे १९७९ मध्ये बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी लिहिले की प्रत्येकाच्या ठेच्यात थोडे वेगवेगळे काहीतरी मिसळावे, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी ठेचा निराळा दिसेल. त्याला त्यांनी नावही दिले 'सॉल्ट', म्हणजे मीठच!

पण याच दोघांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड तपासले तेव्हा २,८३१ सहज शोधता येण्याजोगे निघाले. फार आखूड, नाहीतर शब्दकोशातले, नाहीतर कुणाचे नाव. पंधरा जणांचा तर पासवर्ड एकाच अक्षराचा होता. हे वाचून मला जरा बरे वाटले, ते वाटायला नको होते.

मग आकडे, चिन्हे, मोठी अक्षरे घाला, वरचेवर बदला, हा जाच आला. त्यातला बराचसा बिल बर या अमेरिकी सरकारी तज्ज्ञाने २००३ मध्ये लिहिलेल्या नियमांतून आला. २०१७ मध्ये त्यांनीच त्याबद्दल खेद व्यक्त केला. लोक फक्त शेवटचा आकडा बदलत होते. आता तिथले नियम सांगतात, शब्द लांब असू द्या, आणि फुटल्याची शंका नसेल तर उगाच बदलू नका.

खुद्द कॉर्बातो २०१४ मध्ये म्हणाले की पासवर्ड हे दुःस्वप्न होऊन बसले आहे. तेही टिपणाचा कागद बाळगत. २०१९ मध्ये ते गेले.

मीही वही केली आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा, चार-पाच असंबद्ध शब्दांचा पासवर्ड. मेलला आता फोनवर येणारा आकडाही लागतो, आणि तो आकडा मी कुणालाही सांगत नाही, बँकेचा साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही. वही कुठे आहे ते हिला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही!

दिवाळीत चुलतभावाकडे जाणार आहे, पंधरा हजार पाकिटात घालून. आधी फोन करीन, आणि लहानपणी मामाच्या विहिरीत कोण पडले होते ते त्याने मला विचारावे.