हिरवी झाडं बर्फासारखी पांढरी: इन्फ्रारेड फोटो नेमका कसा काढतात?

आभाळ जवळपास काळं, त्यावर उठून दिसणारे ढग आणि झाडं मात्र बर्फ पडल्यासारखी पांढरीशुभ्र. असा फोटो पाहिला की तो कम्प्युटरवर रंगवलेला असावा, असंच वाटतं. प्रत्यक्षात तो भर उन्हात, हिरव्यागार झाडांचाच काढलेला असतो. फक्त तो डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड, म्हणजेच अवरक्त किरणांमध्ये टिपलेला असतो.

साधा डिजिटल कॅमेरा आणि एक फिल्टर एवढ्यावर असा फोटो काढता येतो. पण फिल्टर विकत घेण्याआधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

इन्फ्रारेड किरण म्हणजे काय?

माणसाला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. तांबड्या रंगाच्या पलीकडे असतात ते इन्फ्रारेड किरण. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलक आणि थर्मामीटर वापरून त्यांचा शोध लावला. पुढे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये इन्फ्रारेड निसर्गचित्रं प्रसिद्ध केली. पानं पांढरी दिसण्याला आजही 'वुड इफेक्ट' म्हणतात. हे नाव त्यांच्यावरून पडलं, लाकडावरून नाही.

हे फोटो उष्णतेचे नसतात. थर्मल कॅमेरे कितीतरी जास्त तरंगलांबीचे किरण टिपतात. इथे कॅमेऱ्यात येतो तो वस्तूंवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाशच.

पानं पांढरी का दिसतात?

पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेतं, इन्फ्रारेड मात्र जवळपास शोषत नाही. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांमुळे हे किरण विखुरतात आणि त्यातले बरेचसे बाहेर परततात. हवेत निळा प्रकाश खूप विखुरतो, इन्फ्रारेड फारच कमी. त्यामुळे निरभ्र आकाश काळपट दिसतं.

याच गुणधर्माचा उपयोग उपग्रहही करतात. इस्रोच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरचे कॅमेरे तांबड्या प्रकाशासोबत इन्फ्रारेडही टिपतात. दोन्हींची तुलना केली की पिकांची आणि जंगलांची स्थिती कळते.

आपला कॅमेरा हे टिपू शकतो का?

सिलिकॉन सेन्सरला इन्फ्रारेड 'दिसतं'. पण त्यामुळे नेहमीच्या फोटोतले रंग बिघडतात, म्हणून कंपन्या सेन्सरसमोर हे किरण अडवणारी काच बसवतात. ही काच किती कडक आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

त्याची चाचणी सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबायचं आणि काही सेकंदांचं एक्सपोजर द्यायचं. रिमोटच्या टोकाला ठिपका ठळक उमटला तर आशा आहे. अगदीच पुसट असेल तर फिल्टरवर पैसे घालण्याआधी विचार करावा.

फोटो कसा काढायचा?

साधारण ७२० नॅनोमीटरच्या पुढचेच किरण आत सोडणारा फिल्टर लागतो. होया आर७२ हा त्यातला प्रसिद्ध फिल्टर. तो डोळ्यांना जवळपास काळाच दिसतो.

१. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. फ्रेम ठरवून फोकस करा आणि तो मॅन्युअलवर टाका. फिल्टर त्यानंतरच लावा, कारण डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून मग काहीच दिसत नाही.

२. इन्फ्रारेडचा फोकस किंचित वेगळ्या जागी पडतो. एफ/८च्या आसपासचं अॅपर्चर ही चूक बऱ्यापैकी झाकतं.

३. व्ह्यूफाइंडर झाका, नाहीतर लांब एक्सपोजरमध्ये मागून प्रकाश शिरतो.

४. रॉ फॉरमॅट निवडा. व्हाइट बॅलन्स उन्हातल्या गवतावर सेट करा, नाहीतर सगळा फोटो लालभडक येतो.

५. एक्सपोजर काही सेकंदांपासून मिनिटापर्यंत जाऊ शकतं. फोटो पाहून ते कमी-जास्त करा.

नंतर एडिटिंगमध्ये फोटो कृष्णधवल करता येतो किंवा लाल आणि निळ्या चॅनेलची अदलाबदल करून आकाश निळं करता येतं.

कधी काढावा?

एरवी फोटोग्राफर टाळतात ते दुपारचं कडक ऊन इथे उपयोगी पडतं. महाराष्ट्रात पाऊस सरल्यानंतरचे दिवस उत्तम, कारण डोंगर हिरवे असतात आणि ऊनही स्वच्छ पडतं. वारा मात्र नको. एक्सपोजर लांब असल्याने हलणारी पानं धूसर येतात.

काय सांभाळायचं?

फिल्टर काळा दिसतो म्हणून त्यातून सूर्याकडे पाहू नये. दिसणारा प्रकाश अडल्याने डोळे दिपत नाहीत, पण इन्फ्रारेड आत येतच असतं आणि त्यामुळे दृष्टिपटलाला इजा होऊ शकते.

काही लेन्समध्ये फोटोच्या मधोमध फिकट डाग येतो. त्याला 'हॉटस्पॉट' म्हणतात. अॅपर्चर मोठं केल्यावर तो बऱ्याचदा कमी होतो, नाहीतर लेन्स बदलावी लागते.

कॅमेरा कायमचा बदलून घ्यावा का?

सेन्सरसमोरची काच काढून घेतली तर ट्रायपॉडशिवाय, हातात धरूनही असे फोटो काढता येतात. पण मग त्या कॅमेऱ्याने नेहमीचे फोटो सहज निघत नाहीत आणि वॉरंटीही जाऊ शकते. हे काम घरी करणं धोक्याचं आहे, कारण फ्लॅशच्या कपॅसिटरमधला विजेचा झटका जोरदार असतो. म्हणून सुरुवात फिल्टरनेच करावी. आवड टिकली, तर घरात पडून असलेला जुना कॅमेरा जाणकाराकडून बदलून घेता येतो.