दाराआडचा खिळा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एक खिळा आहे. त्याला यादीचा कागद टोचलेला असायचा. साबुदाणा तळाला गेला की डब्याचं झाकण लावायच्या आधी त्यावर 'साबु.' असं खरडायचं, ही सासूबाईंची शिस्त. 1969 साली लग्न होऊन मी पार्ल्यात आले, तेव्हा पगार झाला की ती यादी वाण्याकडे जायची. संध्याकाळी दुकानातला पोऱ्या डोक्यावर पाटी घेऊन दोन जिने चढून यायचा. पाटीत वर्तमानपत्राच्या, सुतळीने बांधलेल्या पुड्या. गोडेतेलाच्या डब्यासाठी दुसरी खेप. सामान तेव्हाही घरपोच यायचं, पण महिन्यातून एकदाच. मधेच गूळ संपला तर पिशवी घेऊन आपणच खाली उतरायचं.

वाण्याचा सगळा कारभार त्या यादीवर चालायचा. कुठल्या घरात किती तूरडाळ लागते हे त्याला वही न उघडता ठाऊक असायचं, म्हणून माल आधी भरून ठेवता यायचा. बहुतेकांचे पगार एकाच आठवड्यात होत. त्या आठवड्यात पोऱ्याच्या जोडीला वाण्याचा भाचाही जिने चढताना दिसायचा.

मग 1972चा दुष्काळ आला. साखर, तेल, रॉकेल, सगळ्याला रांगा. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवलं, ते याच टंचाई आणि महागाईविरुद्ध. आमची यादी वाण्याकडून निम्म्या ओळींवर फुल्या होऊन परत यायची.

1975च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी आणि आपले बाबूजी, सुधीर फडके, हे तिच्या उभारणीतले. कल्पना साधी होती: शेजारच्या घरांनी मिळून संघ करायचा, सगळ्यांची मागणी आधी एकत्र करायची आणि तेवढाच माल घाऊक आणायचा. काही वर्षांनी आमच्या तीन इमारतींतल्या सतरा घरांचाही संघ झाला आणि हिशेबाची वही माझ्याकडे आली.

पंचायतीच्या मालाचा टेम्पो महिन्यातून एकदा आमच्या फाटकाशी थांबायचा. सतरा घरांसाठी एकच थांबा. सतरा बेल वाजवायच्या नाहीत, कुलूप दिसलं म्हणून माल परत न्यायचा नाही. कुणी कामावर असेल तर तिचा वाटा शेजारीण ठेवून घ्यायची. भाजी, दूध, पाव यांची भानगडच नव्हती. सगळा माल कोरडा, एखादा दिवस उशीर झाला तरी न नासणारा. माझ्या बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरून आम्ही सतरा ढीग लावायचो आणि एकीने यादी वाचली की दुसरीने पाकिटं मोजायची. दिवाळीच्या महिन्यात रवा, मैदा, साखर इतकी येई की पलंगावरही ढीग लागत. जिने मात्र ज्याचे त्यानेच चढायचे.

एका जुलैत मी आळस केला. भर पावसात टेम्पो आला, तेव्हा पोती वर न नेता जिन्याखालीच ठेवून घेतली. रात्री गटार तुंबलं आणि तळाच्या पोत्यातली साखर भिजली. नुकसान मी भरून दिलं, पण पाच घरांचा चहा महिनाभर वाण्याच्या साखरेवर गेला, त्याचे टोमणे वेगळे! तेव्हापासून माल उतरला की आधी वर, मग चहा.

या सगळ्याला एकच अट होती: पुढच्या महिन्यात घरात काय लागणार, हे आज सांगता आलं पाहिजे. पाहुणे किती, उपास किती, मुलांच्या परीक्षा कधी, सगळं धरून. कुणाला ते काम वाटायचं नाही, कारण ते खिळ्यापाशी, येताजाता होऊन जायचं. टेम्पोच्या फेऱ्या वाचायच्या त्या तिथे.

आता नात फोनवर बोट टेकवते आणि दहा मिनिटांत दारात मुलगा उभा. माल जवळच्याच कुठल्याशा गाळ्यात भरून ठेवलेला असतो म्हणे. म्हणजे वाण्याचीच रीत, फक्त यादी नाही. परवा हेल्मेट घातलेला एक मुलगा दोन जिने चढून कोथिंबिरीची जुडी देऊन गेला. अर्ध्या तासाने बेल वाजली. तोच मुलगा, धापा टाकत. या वेळी हातात आलं.

"अगं, विसरलेच होते," नात म्हणाली.

मी त्याला पाणी दिलं आणि तिला दाराआडचा खिळा दाखवला.