आजोबांची वही आणि टॅगची गोष्ट

आजोबांच्या वहीत चार ओळी मराठी, मग उर्दू, मधेच उधारीचे आकडे. ती टंकून घेतल्यावर मला माणसांची नावं लाल आणि उर्दूचा मजकूर वेगळ्या रंगात हवा होता. सुरुवातीला मी खुणा मजकुरातच लिहिल्या. मग एखादं वाक्य शोधायला गेलो की माझीच चिन्हं आडवी यायची. वही आजोबांची आणि भर माझी!

जीटीके या साधनसंचात ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली आहे. तिथे टॅग अक्षरांमध्ये लिहायचा नसतो. 'लाल' नावाचा टॅग एकदा बनवायचा आणि 'इथून इथपर्यंत' असं सांगून लावायचा. अक्षरं जशीच्या तशी राहतात. उर्दूचा टॅग ओळीच्या मध्यापासून पुढच्या ओळीत गेला आणि उधारीचा त्याच्या अर्ध्यातून सुरू झाला, तरी चालतं. दोघांचे रंग भांडले तर नंतर बनवलेला टॅग जिंकतो.

ही कल्पना जीटीकेची मूळची नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट यांनी टीसीएल ही भाषा आणि तिच्यासाठी टीके हा साधनसंच घडवला. त्यातल्या मजकूर-खिडकीत हे टॅग होते. तिचा कोड हॅवॉक पेनिंग्टन यांनी जीटीकेत आणला आणि २००२ साली जीटीके २ बरोबर तो सगळ्यांच्या हाती आला. जुना परवाना आणि नवी नावं आजही त्या फाइलींच्या माथ्यावर शेजारी शेजारी आहेत.

उर्दूसाठी त्याच आवृत्तीत पँगो आला. पँगोच्या आतला अक्षरं जुळवणारा भाग पुढे हार्फबझ म्हणून ओळखला जाऊ लागला. नाव फारसी: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुलं. घरात 'हर्फ' ऐकत वाढलेल्या मला ते वाचून गंमत वाटली. मराठी-उर्दू मिसळलेल्या ओळीत टॅग एकच असतो, पण पडद्यावर त्याचे दोन तुकडे दिसू शकतात, कारण टॅग अक्षरं ज्या क्रमाने लिहिली त्या क्रमाने मोजतो.

त्या रात्री फाइल जतन केली. सकाळी उघडली तर सगळा लाल रंग गेलेला. साध्या मजकुरासोबत टॅग जतन होत नाहीत, ते आपणच वेगळे लिहून ठेवायचे. वहीतला शब्द मात्र एकही हलला नव्हता. आता प्रत्येक टॅगची सुरुवात आणि शेवट दुसऱ्या फाइलीत आकड्यांत ठेवतो. परवा आजोबांच्या एका ओळीत माझा सुटलेला अनुस्वार दिला, आणि पुढचे सगळे आकडे एकाने सरकले.