बनियनला रंग कसा चढला

टी-शर्ट हा जन्मानं बनियनच. १९१३च्या सुमारास अमेरिकी नौदलानं खलाशांना गणवेशाच्या आत घालायला आखूड बाह्यांचे पांढरे सुती बनियन दिले. ते आतच राहावेत, अशी अपेक्षा होती. उकाड्यात काम करताना वरचा सदरा निघायचा, तेवढंच. १९५१ साली ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मध्ये मार्लन ब्रँडो तसल्याच बनियनवर पडदाभर वावरला आणि तरुणांना चारचौघांत तसं फिरायची जणू मुभाच मिळाली. एवढा कोरा पांढरा पृष्ठभाग समोर आला की त्यावर काहीतरी काढावंसं कुणाला तरी वाटणारच.

दक्षिण कॅलिफोर्नियात ते एड रॉथला वाटलं. हा गडी मोटारींचे सुटे भाग जुळवून अचाट गाड्या बनवायचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस मोटारींच्या प्रदर्शनांत तो एअरब्रश घेऊन बसू लागला आणि गिऱ्हाइकांना शर्टावर राक्षस काढून देऊ लागला. बटबटीत डोळे, लोंबती जीभ, हातात गिअरचा दांडा. गाडी रंगवायचं हत्यार कापडाकडे वळलं होतं. मिकी माऊसची टर उडवणारा त्याचा ओंगळ, लठ्ठ उंदीर ‘रॅट फिंक’ इतका गाजला की पुढे शर्ट छापूनच विकावे लागले. धंदा वाढला, पण समोर उभं राहून आपला राक्षस काढून घेण्याची गंमत छापील शर्टात कुठून येणार?

शर्ट रंगवायचा नाद घरोघरी पोचवला तो मात्र चित्रकारांपेक्षा रंग विकणाऱ्यांनी. ‘रिट’ हा घरच्या घरी कपडे रंगवायचा अमेरिकी रंग १९१०च्या दशकापासूनचा. १९६०च्या दशकात त्याचा खप घसरला, तेव्हा विक्रीची जबाबदारी असलेल्या डॉन प्राइसनं न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेजमध्ये कलाकार शोधले. त्यांपैकी विल आणि आयलीन रिचर्डसन या जोडप्यानं गाठी मारून रंगवलेलं कापड १९७० साली फॅशनजगतातल्या मानाच्या ‘कोटी’ पारितोषिकापर्यंत गेलं. त्याआधी, ऑगस्ट १९६९मध्ये, वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात असले रंगीबेरंगी कपडे मंचावरही झळकले होते. अमेरिकेला ही नवलाई वाटली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत बांधणीसारखी ठिपकेदार वस्त्रं पाहिलेल्या माणसाला ती तितकी वाटू नये.

पण गाठी मारणं वेगळं आणि ब्रशनं फूल काढणं वेगळं. बुडवायचा पातळ रंग धाग्यात मुरतो. ब्रशनं लावला तर पसरतो आणि फुलाच्या कडा फुटतात. तिथं उपयोगी पडलं अ‍ॅक्रिलिक. पाण्यात कालवता येणारे हे रंग १९५०च्या दशकात चित्रकारांच्या हाती आले होते. त्यातलं चिकट द्रव्य वाळलं की लवचीक पापुद्रा होऊन रंगाचे कण कापडाला धरून ठेवतं. फॅब्रिक पेंटची करामत ती हीच.

आपल्याकडे असल्या रंगांच्या बाटल्या कॅम्लिननंही विकल्या. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेला हा उद्योग. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या शिबिरांत आता टी-शर्ट रंगवणं हमखास असतं आणि कृती सगळीकडे तीच: नव्या कापडाची खळ आधी धुऊन काढायची, पुढच्या-मागच्या भागांमध्ये पुठ्ठा सारायचा, आणि रंग पुरता वाळल्यावर शर्ट उलटा करून गरम इस्त्री फिरवायची. पुठ्ठा विसरलेल्याच्या पाठीवर पोटावरच्या फुलाचा डाग उमटतो.